तुऱ्याचा लाल म्हणजे किती?

— नाही, बाबा नाहीत. म्हणजे आहेत — घरी आहेत, ठणठणीत आहेत — भट्टीवर नाहीत, एवढंच. चार महिने झाले. तुम्हाला कोणीच सांगितलं नाही? कोण सांगणार म्हणा, तुम्ही तिकडे खाणीवर. बसा ना काका. त्या स्टुलावर नको, तेल सांडलंय त्यावर — इकडे बसा, उजेडात. आणा त्या छिन्न्या. किती आहेत? नऊ. नऊही नव्यानं घडवून, लाल तापवून पाणी द्यायचं? होतील ना, दुपारपर्यंत होतील. मी करते. — असं काय बघताय? मी करते म्हटलं. मामा घण मारतात, मी आग बघते. आत्ता कोळसा आणायला गेलेत ते, येतील एवढ्यात. लोहाराची पोर आहे मी, आणि वर चार वर्षं लांब जाऊन धातूच शिकून आलेय, गाणं नाही.

आता मी आग बघते म्हणजे — खरं सांगायचं तर मी नाही बघत, हा बघतो. हा डबा. मीटर म्हणतात सगळे, पण हा नुसता मीटर नाही, टेम्परेचर कंट्रोलर आहे, फरक आहे त्यात. मीटर सांगून गप्प बसतो, हा सांगतो आणि करतोही. आमच्या नातेवाइकांत असं एकही माणूस नाही. वरचा लाल आकडा दिसतोय? आत्ता आगीत ताप किती आहे तो. खालचा हिरवा — किती हवा तो. विटांच्या त्या खोक्यात ही चिनीमातीची नळी शिरलीय, तिच्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की त्यातून इवलीशी वीज निघते, मुंगीच्या पावलाएवढी, आणि तेवढ्यावरून हा आकडा सांगतो. लाल आकडा हिरव्याला भिडला की पंखा आपोआप बंद. खाली उतरला की सुरू. ना भाता, ना अंदाज, ना ‘जरा थांब’. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या ‘जरा थांब’ या दोन शब्दांवर गेल्या काका. किती थांब? — जरा. जरा म्हणजे किती? — कळतं आपोआप. कोणाला कळतं? — ज्याला कळतं त्याला. हे काय शिकवणं झालं? असं शिकवलं तर माणसाबरोबर विद्या सरणावर जाते. मी तिकडे असताना रोज याच विचारानं जागी असायचे. चांगली नोकरी होती, सोडून आले. खोटं नाही सांगत, विमानतळावरून बॅग घरी न टाकता आधी इथे आले.

आणि काय दिसलं? तुम्हाला आठवत असेल हो, तुम्ही तर किती वर्षं येताय. इथे खिडकी अशी नव्हतीच. एक झरोका, त्यावर गोणपाट, काजळीनं असं काळंकुट्ट की हात लावला तर हाताचा ठसा उठावा. आत दिवसाढवळ्या अंधार. माणूस कुठला आणि ऐरण कुठली ते ठेच लागल्यावर कळायचं. म्हटलं, पहिलं काम हे. डब्याच्याही आधी. या दोन खिडक्या पाडून घेतल्या, झडपांसकट, आणि वर सहा ट्यूब. मामा म्हणाले, पोरी, भट्टी आहे ही की लग्नाचा मांडव? बाबा एकच बोलले. म्हणाले, ‘पाणी द्यायच्या वेळी तेवढं गोणपाट टाकत जाऊ.’ मी म्हटलं, बाबा, अंधार ही विद्या नाही, अंधार ही सवय आहे. छान वाक्य आहे ना? मलाही आवडलं होतं. आणि ते गोणपाट मी जाळलं. याच भट्टीत. अर्धं तेल आणि अर्धी काजळी होती त्याच्यात, काय सुंदर पेटलं म्हणून सांगू.

मग तुमच्या छिन्न्यांचं झालं. हो, तुमच्याच. अकरा नेल्यात आणि सात मोडून परत आणल्यात. तुम्ही ओरडला नाहीत, तेच वाईट झालं काका. ओरडला असता तर बाबा उलट ओरडले असते आणि विषय मिटला असता. तुम्ही फडकं सोडलंत, सात तुकडे ऐरणीवर ओळीनं मांडलेत आणि म्हणालात, ‘दगड तोच आहे.’ एवढंच. बाबांनी एकेक तुकडा हातात घेतला. मी भिंग आणलं — तिकडून आणलेलं, छान भिंग आहे — आणि दाखवलं. चांगलं पाणी दिलेलं पोलाद मोडलं तर आतून मखमलीसारखं दिसतं, राखाडी, बारीक. हे साखरेसारखं चमकत होतं. दाणा मोठा. म्हणजे काय? म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त तापवलं. म्हटलं, बाबा, जास्त तापलंय. ते म्हणाले, ‘नाही तापलं.’ म्हटलं, बाबा, दाणा बघा. त्यांनी बघितला. भिंगातून बघितला, मग भिंग बाजूला करून बघितला. तुम्ही होतात तेव्हा, पण तुम्ही तोपर्यंत बाहेर तंबाखू मळायला गेला होतात — आमच्या घराची अब्रू राखायला, कळलं होतं मला.

नंतरचं तुम्हाला माहीत नाही. नंतर मी परीक्षा घेतली. परीक्षा नाही हो — प्रयोग. तुलना. मनात वाईट काही नव्हतं माझ्या. उलट वाटलं, एकदा डोळ्यांदेखत झालं की बाबांनाही पटेल, मामांनाही पटेल, आजूबाजूच्या चार भट्ट्यांनाही पटेल. म्हणून त्यांना बोलावलं. चारही भट्ट्यांवरची माणसं आली, कुलूपवाला आला, समोरची शिवणवाली आली — तिचा काय संबंध, पण आली. विटांच्या खोक्यात छिन्नीचं पोलाद ठेवलं, शेजारी ही नळी, डबा फिरवून लोकांकडे तोंड करून ठेवला, बाबांकडे पाठ. बाबांनी फक्त सांगायचं — तुरा झाला की ‘झाला’ म्हणायचं. तुरा म्हणजे तुम्हाला माहीत आहे ना? त्यांचे रंग आहेत सगळे ठरलेले. वांगं, मग डाळिंब, मग कोंबड्याचा तुरा, मग संत्र्याची साल. पाणी द्यायचं ते तुऱ्याला. पुस्तकात तो आकडा आहे सातशे नव्वदच्या आसपास. तर, सातशे नव्वद झालं. सगळे बाबांकडे बघतायत. बाबा म्हणाले, ‘जरा थांब.’ आठशे दहा. ‘थांब.’ आठशे चाळीस. शिवणवाली हसली. आठशे साठ. मला वाटलं आता म्हणतील, आता म्हणतील — मनातल्या मनात मी म्हणत होते, बाबा, म्हणा ना. आठशे ऐंशीला म्हणाले, ‘झाला.’

मी डबा त्यांच्याकडे फिरवला. काय करणार, प्रयोग होता तो. त्यांनी आकडा बघितला. सांडशी फेकली वगैरे नाही, तसले नाहीत ते — खिळ्याला अडकवली, कातड्याचा अंगरखा काढला, घडी केली. अंगरख्याची कोणी घडी करतं का? आणि म्हणाले, ‘यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला.’ तेव्हापासून घरी.

— हो, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. सांगून टाकते. वाटलं, चला, इतकी वर्षं धूर खाल्ला, आता आराम करू दे. आणि काम बघा ना — चार महिन्यांत एक छिन्नी परत आली नाही. एक नाही! मामांना विचारा. डबा सातशे नव्वद म्हणतो, मी बाहेर काढते, पाण्यात. तुम्ही डोळे मिटून न्या या नऊ. — डोळे. हां. डोळ्यांचंच सांगत होते.

बाबांना वाटतं त्यांचे डोळे गेले. डॉक्टरकडे नेलं मी. डॉक्टरनं सगळ्या भिंगांनी बघितलं, म्हणाला, इवलासा मोतीबिंदू आहे, या वयात असतोच, पाच वर्षं हात लावायची गरज नाही. वाचता येतं? येतं. सुई ओवता येते? आईनं पिशवीतून सुई काढली, तिच्या पिशवीत सगळं असतं, आणि बाबांनी तिथल्या तिथे ओवून दाखवली. डॉक्टर म्हणाला, मग त्रास काय आहे? बाबा म्हणाले, ‘तुरा दिसत नाही.’ डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं आम्ही कोंबड्या पाळतो. हसा, हसा, मीही हसले होते. घरी येताना बाबा म्हणाले, हा डॉक्टर नवा दिसतो, याला काही कळत नाही. तुझ्या डब्यानं नव्वद डिग्रीची चूक पकडली, याला एवढीशीसुद्धा सापडेना. — कळतंय का तुम्हाला? ज्या माणसानं सुरुवातीला माझ्या डब्याकडे पाठ करून जेवण केलं, तो आता डॉक्टरपेक्षा डब्याचं ऐकतो. माझा इतका मोठा विजय झालाय काका की मला घरात बसवत नाही.

आणि शिकतायत. हे तर ऐका. जेवताना विचारतात, ‘तुऱ्याचा लाल म्हणजे किती?’ सातशे नव्वद, बाबा. ‘डाळिंब?’ सातशेच्या आसपास. ‘संत्र्याची साल?’ साडेनऊशे. पाठ करतात. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवलंय, वांग्यापासून सगळं. पहिलीतल्या मुलासारखं पुटपुटतात, आणि चुकलं की आईकडे बघतात. आईला काय कळतंय, ती आपली मान डोलावते. — आणि परवा ऑपरेशन. हो, मोतीबिंदूचंच. त्या डॉक्टरनं नाही म्हटलं म्हणून दुसरा शोधला. ज्याला पाहिजे त्याला डॉक्टर मिळतोच. परवा सकाळी उजवा डोळा, मग महिन्याने डावा. साधं असतं हो आजकाल. असं म्हणतात. अर्ध्या तासात घरी. शंभरातले नव्याण्णव —

— काय म्हणालात? खिडक्या? खिडक्यांचं काय? केव्हा पाडल्या? — आल्या आल्याच. म्हणजे सहा-सात महिन्यांपूर्वी — नाही, सामान यायला वेळ लागला. त्या सोमवारी बसल्या. कुठल्या म्हणजे — त्याच सोमवारी. सोमवारी खिडक्या आणि ट्यूब. तुमच्या छिन्न्यांना पाणी दिलं ते — तुम्ही शुक्रवारी न्यायला आलात ना? मग गुरुवारी. हो. सोमवारी खिडक्या, गुरुवारी छिन्न्या. आणि परीक्षा — प्रयोग — त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. भर दुपारी. सहाही ट्यूब लावून. लोकांना नीट दिसावं म्हणून.

तुम्ही दगड फोडता हो काका, तुम्हाला कसं लगेच कळलं? मला दोन महिने लागले. कळलं तेही माझ्या हुशारीनं नाही. एक दिवस वारा सुटला, धूळ आत यायला लागली म्हणून मामांनी झडपा लावल्या, आणि त्यातच वीज गेली. ट्यूब गेल्या, पंखा गेला, डबा गेला — काळा पडला, नुसता डबा. आगीत पोलाद होतं. मी म्हटलं, आता हे किती तापलंय कोण सांगणार? आणि मामा — मामा, ज्यांनी तीस वर्षांत घणाशिवाय कशाला हात लावला नाही — मामा तिकडून म्हणाले, ‘तुरा झाला की.’ मी बघितलं. काका, मी जन्मले या घरात, आणि तो रंग मी पहिल्यांदा बघितला. लाल — पण तांबडा नाही, भगवा नाही, जिवंत लाल. तेवढ्यात वीज आली. डबा उजळला. सातशे अठ्ठ्याऐंशी. आणि ट्यूब लागल्या तसा तोच तुकडा, तीच आग — डोळ्यांदेखत काळवंडला. वांगं झाला. पोलाद तेच हो. उजेडात आग विझल्यासारखी दिसते, म्हणून माणूस म्हणतो अजून थोडं, अजून थोडं. बाबांनी तुराच बघितला होता त्या दिवशी. आठशे ऐंशीला, सहा ट्यूबच्या खाली, जे त्यांना दिसलं तो तुराच होता. डबाही खोटं नव्हता बोलत. खोटी कोण पडली ते तुम्हीच बघा.

घरी जाऊन ट्रंक उघडली. वह्या आणल्यात मी सगळ्या, एकेक किलोच्या. पहिल्या वर्षाची वही. तापल्या पोलादाचा रंग मंद उजेडात पाहावा, प्रखर उजेडात तो असतो त्याहून काळपट भासतो. माझ्याच अक्षरात. खाली दोन रेघा, लाल शाईच्या. आला होता तो प्रश्न परीक्षेला. पूर्ण मार्क.

— सांगणार होते. त्याच दिवशी सांगणार होते. घरी पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्यांदा हसले होते काहीतरी ऐकून, म्हटलं, आज नको. मग डॉक्टर झाला. म्हटलं, डॉक्टरच सांगतोय डोळे चांगले आहेत म्हणून, मग मी वेगळं कशाला सांगू? मग दुसरा डॉक्टर झाला. मग वाटलं, ऑपरेशन झालं की आपोआप ‘बरं’ वाटेल त्यांना, मी गुपचूप दोन ट्यूब काढून टाकीन, झडपा ओढून घेईन, ते येतील, म्हणतील आता दिसतंय — सगळ्यांचं भलं. डॉक्टरचंही. — असं बघू नका. मला माहीत आहे तो डोळा आहे, छिन्नी नाही. मोडला तर फडक्यात बांधून परत आणता येत नाही.

खरं सांगू? तुम्ही कोणाला सांगणार नाही. सांगितलंत तरी आता काय. मी त्यांना सांगितलं, की बाबा, तुम्ही बरोबर होतात, गोणपाटही बरोबर होतं — तर ते काय म्हणतील माहीत आहे? काहीच म्हणणार नाहीत. अंगरखा घालतील, येतील, सांडशी घेतील. रागावणारसुद्धा नाहीत. आणि मग मी इथे काय करायचं? मी कशाला परत आले? चार भट्ट्यांवर जाऊन जाऊन सांगितलंय मी, डोळा दमतो, डोळा म्हातारा होतो, आकडा म्हातारा होत नाही. तिघांनी डबे घेतले. खिडक्याही पाडल्या. मला मीटरबाई म्हणतात, चेष्टेनं म्हणायचे, आता मानानं म्हणतात. आणि डबा चांगला आहे हो! अजूनही म्हणते, चांगला आहे — मामांच्या नंतर, बाबांच्या नंतर कोणीतरी इथे उभं राहील, त्याला ‘जरा थांब’ वर सोडायचं का? मी चुकीचं नव्हते सांगत. फक्त बाबा बरोबर होते हे त्यात बसत नव्हतं, म्हणून मी —

— कुठे निघालात? छिन्न्या इथे आहेत तुमच्या. घराकडे? नको. काका, नको ना. तुमच्या तोंडून कळलं तर त्यांना वाटेल पोरीनं मध्यस्थ पाठवला. आणि आई पदर डोळ्याला लावेल, ते वेगळंच. मी सांगते. सांगते म्हटलं ना. आज. संध्याकाळी. — उद्या? उद्या कुठे म्हटलं मी? बरं, ‘ऑपरेशनच्या आधी’ म्हणणार होते, ते खरं आहे. ओळखलंत. तुम्हाला दगडातली चीर बाहेरून दिसते म्हणतात, ती अशी का?

बसू नका मग, उभेच राहा. ही बघा, तुमची पहिली छिन्नी आगीत टाकली. ती झडप लावा, तुमच्या हाताशी आहे. दुसरीही. जोर लावून — नवी आहे, अडते. ट्यूब मी घालवते. — आणि हा डबा. हाही बंद. पंखा हातानं चालू-बंद करेन, हळू ठेवते. दोन गल्ल्या तर जायचंय. बाबांना म्हणावं, खाणीवाल्याची छिन्नी आगीत आहे आणि पोरीला रंग ओळखता येत नाही. एवढंच म्हणा. यात एक अक्षर खोटं नाही. एकदा दिसला होता मला तो लाल, तोही मामांनी सांगितल्यावर. — ते आल्यावर? आल्यावर काय बोलायचं ते माझं मी बघेन. सोमवारी खिडक्या, गुरुवारी छिन्न्या — दोनच तर वाक्यं आहेत. आधी ती बोलेन, मग छिन्नी बाहेर काढेन, उलट नाही. उलट केलं तर ती वाक्यं राहतील, मला मी माहीत आहे. तुम्ही फक्त निघा. आणि दार ओढून घ्या बाहेरून, तिरीप येतेय. — अहो, जा ना! आता काही विचारू नका. मला बघू द्या.